पुठ्ठा

फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा.
सेल्बी हाइन्स म्हणाला, रात्रभर व्हॅनखाली ठेव,
चाकं कुठे येतात ते पेन्सिलीनं आखून घे,
आणि मग झोप.
मी झोपले नाही. बर्जिओचा वारा असा
की पुठ्ठ्यावर चार दगड ठेवावे लागले,
पहाटे तीनला पाचवा.

सकाळी दोन डाग.
मागचा काळपट, उकळून उकळून कडू झालेल्या चहासारखा,
जिथे इंजिन संपतं आणि गिअरबॉक्स सुरू होतो तिथे.
पुढचा रेडिएटरखाली, लालसर.
टेबलक्लॉथवर बेरीचा जॅम सांडावा, तो घासून धुवावा,
आणि तरी पाहुण्यांना दिसावा, तसा.

"वास घे, ड्रुसी."
मी गुडघे टेकले. काळ्याला जळकट वास.
लालला किंचित गोड.
"गोड आहे म्हणजे करपलेलं नाही," सेल्बी म्हणाला,
"गिअरबॉक्स अजून जगेल."

स्टीफनव्हिलच्या गॅरेजमधल्या पोरानं
बॅटरी वर न धरताच सांगितलं होतं:
मागचं मोठं सील. गिअरबॉक्स उतरवायचा. अठराशे डॉलर, वर कर.
अठराशेत अशी दुसरी व्हॅन येते,
इतकीच गळणारी.
नवरा अल्बर्टाहून फोनवर म्हणाला, विकून टाक.
तो तिकडे तेलाच्याच कामावर आहे.

विकू कशी?
आठवड्यातून तीनदा, पहाटे पाचला,
मिसेस स्ट्रिकलंड, तिचं विणकाम, आणि एल्ड्रेड
माझ्या व्हॅनमधून डायलिसिसला जातात.
हमरस्त्यापर्यंत दीडशे किलोमीटर.
मध्ये पंप नाही, घर नाही,
धुकं, आणि धुक्यात उभं राहून विचार करणारं एखादं मूस.

"तेल खाली उतरतं," सेल्बी म्हणाला,
"आणि गाडी पळाली की मागे सरकतं.
म्हणून चोर शोधायचा तो वर आणि पुढे."
आम्ही इंजिन धुतलं, पुसलं, वाळू दिलं.
वर नवऱ्याची बुटात टाकायची पावडर फुंकली,
लोखंडाला पुदिन्याचा वास आला.
मग धक्क्यापर्यंत जाऊन परत, वीस मिनिटं.

सेल्बीनं पुढच्या दोन सीटांमधलं झाकण उचललं.
या व्हॅनचं इंजिन अर्धं घरातच बसतं,
त्या कुबडावर एल्ड्रेड थर्मास ठेवतो.
आत, पावडरीत, एक ओली रेघ:
झडपांच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेली,
कडेकडेनं, कुणाच्या डोळ्यांत न येता,
खाली त्या सीलच्या दारात जाऊन ठिबकणारी.
वड्याचं तेल वांग्यावर.
गास्केट बेचाळीस डॉलरचं.

लालचं सोपं निघालं.
रस्त्यावरच्या मिठानं नळी खाल्ली होती,
क्लिपेच्या आत, जिथे कुणी पुसत नाही.
सेल्बीनं अंगठा फिरवला, गंजाचा पापुद्रा हातात आला.
नवी नळी त्यानं रंगाच्या डब्याभोवती वाकवली,
पैसे घेतले नाहीत, दोन कॉड घेतले.

पण मी त्या कुबडाशीच अडकले.
एल्ड्रेड नाताळापासून सांगत होता,
ड्रुसी, माझ्या बुटाशी काहीतरी जळतंय.
मी म्हणायचे, औषधांमुळे होतं असं.
नर्सलाही तेच सांगितलं, त्याच्या देखत,
आणि तिनं ते लिहून घेतलं.

बुधवारी पुठ्ठा कोरडा नव्हता.
एक थेंब होता, वाटाण्याएवढा. जुनं आहे, चालायचंच.
एल्ड्रेड चढला, थर्मास ठेवला, हवा हुंगली.
"आज वास नाही," म्हणाला,
थोडा हिरमुसला.
"गास्केट होतं," मी म्हणाले. "तुझं बरोबर होतं."
त्यानं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काही दिसत नव्हतं.

शेवटचा दिवा मागे पडल्यावर मी विचारलं,
"आणखी काय काय सांगत होतास?"
मागे मिसेस स्ट्रिकलंडच्या सुया थांबल्या.
दीडशे किलोमीटर होते.
त्यानं झाकण फिरवून कॉफी ओतली,
आणि डाव्या पायापासून सुरुवात केली.